रिमोट बंद केल्यावर

दुकानाचं दार ढकलण्याआधी मेकॅनिकने शर्टाची कॉलर नीट केली आणि लगेच स्वतःवरच चिडला. खेळण्यातला रणगाडा घ्यायला कॉलर कशाला लागते? पण सकाळपासून त्याचे हात असेच नको तिथे जात होते. लिफ्टच्या शाफ्टमध्ये कुठल्याही मजल्यावर लटकून शांतपणे काम करणारा हा माणूस, खेळण्यांच्या दुकानाच्या पायरीवर घामाघूम झाला होता. मागे उभी असलेली चौदा वर्षांची मुलगी ते सगळं टिपत होती.

"चला ना, लिफ्टवाले," ती म्हणाली. "दार उघडंच आहे."

लिफ्टवाले. काका नाही, मामा नाही, नुसतं 'अहो' सुद्धा नाही. भाजीवाले, पेपरवाले, तसे लिफ्टवाले. गेले कित्येक महिने तो हे ऐकत होता आणि दर वेळी हसून साजरं करत होता. आज हसू आलं नाही.

मुलीला घरात सगळे ठिणगी म्हणत, आणि ते नाव ठेवणाऱ्याचे डोळे चांगले होते असंच म्हणायला हवं. या ठिणगीच्या आईशी मेकॅनिकला लग्न करायचं होतं. आईची तयारी होती. मेकॅनिकची तर इतकी तयारी होती, की त्याने आपल्या खोलीतलं एकुलतं एक कपाट अर्धं रिकामं करून ठेवलं होतं. अडलं होतं ते ठिणगीपाशी.

"ती नाही म्हणाली, तर माझंही नाही समजा," आईने काल स्पष्ट सांगितलं होतं. "मग माझ्यावर रागवू नका. ती माझ्याजवळ एकटी वाढलीय."

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते, त्यांना म्हणावं रणगाडा घ्या. रिमोटवरचा. तुमचा पहिलाच. स्वतःच्या अकलेने निवडून. मी नुसती बघेन, मग सांगेन."

"रणगाडा?" मेकॅनिकला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माझा आणि रणगाड्याचा काय संबंध?"

"तुमचा नाही. तिचा आहे," आई म्हणाली. तिचा पहिला नवरा हयात होता, पण कुठल्याशा दुसऱ्या गावात, आणि त्याच्याविषयी त्या घरात कोणी बोलत नसे. एवढंच मेकॅनिकला ठाऊक होतं. विचारायची त्याची छाती झाली नव्हती.

आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. त्या इमारतीची लिफ्ट एका सकाळी मधेच अडकली आणि आत ती होती. अशा वेळी मेकॅनिकची एक ठरलेली पद्धत असे. वरच्या मशीन रूममध्ये जाण्याआधी तो बंद दाराला तोंड लावून मोठ्याने सांगायचा, "मी आलोय! वर जातोय, लगेच येतो! दार ओढू नका!" आतून उत्तर येवो न येवो. बहुतेकदा येत नसे. घाबरलेल्या माणसाची वाचाच बसते. तरी सांगायचंच. त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादाने हे कान धरून शिकवलं होतं. अंधारापेक्षा माणसाला आपल्याला विसरून गेले ही भीती खाते, असं उस्ताद म्हणायचा. त्या सकाळी मात्र आतून खणखणीत आवाज आला होता, "ऐकू येतंय! आणि जरा लवकर करा, दुकान उघडायचंय!" त्या आवाजावर आपला गडी जो विरघळला तो विरघळलाच. ठिणगीच्या आईने ही गोष्ट घरी इतक्यांदा सांगितली होती, की ठिणगी ती सुरू झाली की उठून आत जायची.

तर असा हा जीव टांगणीला लागलेला उमेदवार दुकानात शिरला.

दुकानदार गोल चेहऱ्याचा, चष्मा टकलावर चढवलेला आणि बोलायला भलताच उत्सुक होता. "या साहेब! मुलीसाठी का?"

"माझ्यासाठी," मेकॅनिक म्हणाला.

दुकानदाराने एकदा त्याच्याकडे, एकदा ठिणगीकडे पाहिलं. ठिणगी दाराजवळच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिने कानात इअरफोन घातले होते, पण त्यांची वायर कशालाच जोडलेली नव्हती; तिचं टोक खिशाबाहेर लोंबत होतं. म्हणजे सगळं ऐकणार आणि ऐकत नाही असं दाखवणार. 

मेकॅनिकने तयारी केली होती, नाही असं नाही. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत फोनवर जिथे मिळेल तिथे वाचलं होतं आणि शाफ्टमध्ये लटकल्या लटकल्या घोकलं होतं. पहिलाच असेल तर फार मोठा नको. आतली चाकं, म्हणजे गिअर, धातूचे हवेत. प्लास्टिकचे दात झिजतात. पट्टे तुटले तर सुटे मिळायला हवेत. बॅटरी आणि चार्जर डब्यातच हवेत. परीक्षेला निघालेल्या पोराने करावं तसं त्याने सगळं एका दमात विचारून टाकलं.

"आहे, आहे, सगळं आहे," दुकानदाराने दोन डबे काढून काचेच्या लांबलचक काउंटरवर ठेवले. "याचेही गिअर धातूचे, त्याचेही. याचेही पट्टे मिळतात, त्याचेही. किंमत म्हणाल तर उन्नीस-बीस."

आली का पंचाईत! घोकंपट्टीवर पाणी पडलं. दोन्ही उत्तरं बरोबर असतील अशा परीक्षेची तयारी त्याने केलीच नव्हती.

"मी सांगू?" दुकानदार पुढे वाकला. "हा घ्या, मोठा. धूर सोडतो. इंजिनाचा आवाज करतो. तोफ उडवली की पुढे लाल दिवा लागतो, अख्खा रणगाडा मागे हिसका खातो. घरात आणला की शेजारीपाजारी बघायला येतील. तो दुसरा बरा आहे, पण मुका आहे. बुरूज फिरतो, तोफ खालीवर होते, संपलं."

मोठा रणगाडा खरंच देखणा होता. हिरव्या रंगावर चिखलाचे खोटे शिंतोडे, मागे बांधलेली खोटी दोरखंडं, बुरुजावर अंगठ्याएवढा सैनिक. मेकॅनिकने डोळ्यांच्या कोपऱ्यातून ठिणगीकडे पाहिलं. तीही त्याच रणगाड्याकडे बघत होती, टक लावून, ओठ घट्ट मिटून. हिला हाच आवडतोय, त्याच्या मनात आलं. हाच घ्यावा आणि मोकळं व्हावं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

"चालवून बघू का?" असं त्याच्या तोंडून निघालं.

"बेलाशक!" दुकानदाराने बॅटरी घातली, रिमोट त्याच्या हातात दिला. "ही दांडी पुढे केली की चालेल."

मेकॅनिकने दांडी पुढे केली. रणगाडा घरघरला, मागून धुराची एक पांढरी पिचकारी सोडली आणि काउंटरवरून ऐटीत निघाला. दुकानदार टाळ्या वाजवायचाच बाकी होता. आणि इथे मेकॅनिकच्या हाताने ते केलं, जे तो हात रोज करत होता. कुठलीही नवी लिफ्ट ताब्यात घेताना ती कशी चालते हे तो शेवटी बघायचा. आधी बघायचा की चालती असताना वीज तोडली तर ती काय करते. चालायला काय, सगळ्याच चालतात. त्याने विचार न करता रिमोटचं बटण दाबून रिमोट बंद केला.

रणगाडा थांबला नाही.

मेकॅनिक बघत राहिला. कुठल्याही क्षणी थांबेल, असं त्याला वाटत होतं. त्याच्या जगात अशा वेळी गोष्टी थांबतात, आपोआप ब्रेक धरतात. हा मात्र धूर सोडत, गुरगुरत, मालक नसलेल्या गाढवासारखा सरळ चालत राहिला. काउंटर संपला. रणगाड्याने पुढचं तोंड हवेत काढलं, क्षणभर डुलला आणि फरशीवर आदळला. बुरूज उडून शोकेसखाली गेला. सैनिक कुठे गेला ते देवच जाणे. उलट्या पडलेल्या रणगाड्याचे पट्टे तरीही फिरतच होते.

"अहो!" दुकानदाराचा चष्मा टकलावरून नाकावर आला. "अहो, हे काय केलंत?"

"रिमोट बंद केला," मेकॅनिक कसाबसा म्हणाला.

"रणगाडा चालता असताना? कशाला?"

"थांबतो का बघायला."

"थांबवायचा असेल तर दांडी मागे घ्यायची ना! रिमोट बंद कशाला करायचा? जगात कोणी करतं का असं?"

"बॅटरी संपली रिमोटची, तर? हातातून पडला, तर?" मेकॅनिकचा आवाज त्याच्याही नकळत चढला. "मग हा असाच जात राहणार? समोर कोण आहे, काय आहे, याचा पत्ता नाही?"

"साहेब, खेळणं आहे ते!"

ते खरंच होतं. मेकॅनिक खाली बसून तुकडे गोळा करू लागला. त्याचे कान तापले होते. ठिणगीने कानातले इअरफोन काढून हातात घेतले होते आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ही रागावली आहे, त्याला वाटलं, आणि रागावणारच; जो तिला आवडला, तोच आपण तिच्या डोळ्यांदेखत मोडला. पदरात पडलेला संसार फरशीवर उलटा पडून पट्टे फिरवत होता.

"मोडला तो मी भरून देतो," तो म्हणाला. "आता तो दुसरा दाखवा."

"काउंटरवर नाही हं!"

"खाली चालवतो."

मुका रणगाडा दिसायला अगदीच साधा होता. करडा रंग, ना धूर, ना तोफेचा लाल दिवा. मेकॅनिकने तो फरशीवर ठेवला आणि दांडी पुढे केली. मोटरची बारीक घूं-घूं करत तो दाराच्या दिशेने निघाला, म्हणजे थेट ठिणगीच्या दिशेने. वळवावा तर कुठल्या बाजूला दांडी फिरवायची हे आठवेना. ठिणगी हलली नाही. तिने पाय मागे घेतला नाही. ती रणगाड्याकडे बघतही नव्हती. ती मेकॅनिकच्या अंगठ्याकडे बघत होती.

त्याने रिमोट बंद केला.

रणगाडा जागच्या जागी थबकला. त्याच्या तोफेचं टोक ठिणगीच्या बुटाला जेमतेम शिवत होतं.  मेकॅनिकने रिमोट पुन्हा चालू केला, रणगाड्यावरचा छोटा दिवा लुकलुकला. त्याने दांडी मागे घेतली, तसा तो निमूटपणे मागे आला.

"हा द्या," मेकॅनिक म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर ठिणगी पुढे चालू लागली, तरातरा. डबा काखेत धरून मेकॅनिक मागे. भिंतीला पाठ लावून बसलेला चांभार, सायकलच्या दुकानातला पंप मारणारा, कोणाकडेही तिचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यावर सिग्नलला थांबावं लागलं, म्हणून ती थांबली.

"तो मोठा," ती समोरच्या दिव्याकडे बघत म्हणाली, "बाबांनी आणला होता. सेम तोच."

मेकॅनिकने काखेतला डबा सावरला. एवढ्या मोठ्या दुकानात, एवढ्या डब्यांत, त्याने नेमका हिच्या बापाचा रणगाडा पाडला होता! "मला ठाऊक नव्हतं गं," तो म्हणाला. "खरंच."

"ठाऊक नव्हतं तेच बरं." सिग्नल सुटला, पण ती हलली नाही. "आम्ही पॅसेजमध्ये चालवायचो. रोज. एक दिवस ते गेले. काही बोलले नाहीत. मला वाटलं दुकानात गेलेत. रिमोट त्यांच्या बॅगेतच राहिला. रणगाडा आहे अजून माझ्याकडे, पण रिमोट नाही. फोन लावला की बंद. लावत होते मी पुष्कळ दिवस."

  मेकॅनिकला त्या कधी न पाहिलेल्या माणसाचा असा काही राग आला, की काखेतला डबा चेपला.

"आता क्लबात जायचं," ठिणगी म्हणाली. "निवडला तो ठीक. चालवता येतो का बघू."

क्लब म्हणजे गाड्यांच्या पार्किंगच्या इमारतीची गच्ची. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या नसत, म्हणून हौशी लोकांनी ती मागून घेतली होती. वाळूचे ढीग, विटांच्या उतरंडी, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पाण्याने भरलेल्या रुंद टबावर टाकलेली एक अरुंद फळी. मोठी मोठी माणसं उकिडवी बसून आपापले रणगाडे हाकत होती. गळ्यात शिट्टी अडकवलेले क्लबाचे सेक्रेटरी त्यांच्यात फिरत होते. ठिणगीला सगळे ओळखत होते. तिच्याकडे चालवायला रणगाडा नव्हता. ती येऊन दुसऱ्यांचे दुरुस्त करून द्यायची.

मेकॅनिकचे पहिले प्रयत्न बघून तिथे चांगलीच करमणूक झाली. रणगाडा त्याच्यापासून दूर जाताना शहाण्यासारखा वागे. तोंड फिरवून त्याच्याकडे येऊ लागला, की डावीकडे म्हटलं तर उजवीकडे जाई. तो एकदा सेक्रेटरींच्या चपलेवर चढला. एकदा विटांच्या ढिगात घुसला आणि तिथेच पट्टे घासत बसला.

"त्याचं तोंड तुमच्याकडे असलं, की डावं-उजवं उलटं होतं," ठिणगी शेवटी म्हणाली. "सगळ्यांचंच चुकतं सुरुवातीला."

"लिफ्टला डावं-उजवं नसतं ना," मेकॅनिक कपाळ पुसत म्हणाला. "वर आणि खाली. तेवढंच येतं मला."

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मेकॅनिकने तो पाहिला आणि त्याच्या जिवात जीव आला. पण लगेच तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला. तिने हात पुढे केला.

"द्या."

त्याने रिमोट दिला. तिने रणगाडा विटांतून सहज सोडवला, वाळूवरून नेला, फळीवर चढवला. लोक आपले रणगाडे थांबवून बघू लागले. पट्टे फळीच्या दोन्ही कडांना जेमतेम बसत होते. रणगाडा बरोबर पाण्याच्या मधोमध आला आणि ठिणगीने रिमोट बंद केला. रणगाडा थांबला. तिने रिमोट जॅकेटच्या खिशात घातला आणि वळून जिन्याकडे चालू लागली.

"कुठे चाललीस?" मेकॅनिकने विचारलं.

ती थांबली नाही. जिन्याचं लोखंडी दार उघडून ती दिसेनाशी झाली. दार अर्धवट लोटलेलं राहिलं.

रिमोट घेऊन गेली. काही न बोलता. मेकॅनिकला कळायला वेळ लागला नाही, आणि कळलं तसं त्याचं काळीज गलबललं. तिला बघायचं होतं की आता हा माणूस काय करतो. रणगाडा उचलून घरी जातो का. तिच्या आईकडे तक्रार घेऊन जातो का. की तिच्या मागे धावत जाऊन रिमोट मागतो. त्याने रंगाचा एक रिकामा डबा ओढला, फळीसमोर उपडा घातला आणि त्यावर बसला.

"पाण्यात पडेल हो तो," सेक्रेटरी म्हणाले. "उचला."

"नको. तिथेच राहू दे."

"मुलगी कुठे गेली?"

"येईल."

ऊन कलू लागलं. लोक रणगाडे डब्यांत भरू लागले. मेकॅनिक बसून होता. बसून राहणं एवढंच काम असेल, तर ते आपल्याला जमेल असं त्याला वाटू लागलं होतं, आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला.

कंपनीतून होता. दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती. आत एक म्हातारे गृहस्थ, हृदयाचे पेशंट, एकटे.

"दुसऱ्या कोणाला पाठवा ना," मेकॅनिक म्हणाला. असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता.

"दुसरा गावाच्या त्या टोकाला आहे. तुम्ही जवळ आहात. काय झालंय, बरं नाही का?"

त्याने ठिणगीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिच्या आईला लावला, वाजत राहिला. दुकानात गिऱ्हाईक असलं की तिचा फोन खणात असे. मेकॅनिक उठला, बसला, पुन्हा उठला. इथून गेलो, आणि ती परत आली, तर तिला काय दिसेल? रिकामा डबा. आणखी एक जण गेला. आई म्हणेल, मी तुम्हाला सांगितलं होतं, रागवू नका. अर्धं रिकामं कपाट तसंच राहील. आणि नाही गेलो तर तो म्हातारा बंद पेटीत छाती धरून बसला असेल, आणि दाराबाहेरून त्याला कोणी काही सांगणार नाही. दोन्हीकडे कोणीतरी आत अडकलेलं होतं, आणि मेकॅनिक एकच होता.

तो जिन्याच्या दारापाशी गेला. दार उघडून खाली पाहिलं. जिना अंधुक, रिकामा, खाली वळणापलीकडे काही दिसत नव्हतं. मागे सेक्रेटरी आणि उरलेले दोघे-तिघे बघत होते. लाज गुंडाळून ठेवून त्याने तोंडाभोवती हात धरले आणि शाफ्टमध्ये ओरडायचा तसा ओरडला.

"मी जातोय! दवाखान्यात लिफ्ट अडकलीय, आत माणूस आहे! ते काढतो आणि परत येतो! रणगाडा इथेच आहे! ऐकू येतंय का?"

त्याचाच आवाज भिंतींवर आपटत खाली गेला आणि विरला. उत्तर आलं नाही.

"वेडाबिडा आहे की काय," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"त्याला हात लावू नका," मेकॅनिकने सेक्रेटरींना बजावलं आणि गाड्यांच्या उतारावरून धावत सुटला. त्याची मोटरसायकल त्या बाजूला होती.

दवाखान्यात पोचल्यावर त्याने दाराला तोंड लावलं. "मी आलोय! वर जातोय, लगेच येतो! दार ओढू नका!" आतून चकार शब्द नाही. वर जाऊन त्याने ब्रेक सोडवला, चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्यावर आणली, धापा टाकत खाली येऊन दार उघडलं. म्हातारे गृहस्थ कोपऱ्यात खाली बसले होते. चेहरा घामेजलेला, पण शुद्धीवर होते. नर्सने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं.

"ऐकू आलं होतं ना मी ओरडलो ते?" मेकॅनिकने विचारलं. असं तो कधी कोणाला विचारत नसे.

"सगळं ऐकू आलं," म्हातारे म्हणाले. "उत्तर द्यायला दम नव्हता हो. पण ऐकलं म्हणून तर बसून राहिलो."

मेकॅनिकने त्यांचा हात उगाचच दोन्ही हातांत धरून दाबला आणि पळाला. म्हाताऱ्यांना वाटलं असेल, किती प्रेमळ माणूस!

गच्चीवर तो पोचला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. कोणी नव्हतं. सेक्रेटरींची खुर्ची घडी करून भिंतीला लावलेली होती. टबातलं पाणी स्थिर होतं आणि वरची फळी रिकामी होती.

रणगाडा नव्हता.

मेकॅनिकने टबात हात घालून तळ चाचपला. काही नाही. शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली. ती आली, तिने पाहिलं, आणि घेऊन गेली. संपलं. आता तिच्या आईला फोन करायचा, आणि आपण होऊनच सांगायचं, म्हणजे तिला नाही म्हणायचा त्रास नको. त्याला रडू आलं, आणि ते आलं याचं त्याला काही वाटलं नाही. बघायला होतं कोण?

फोन काढायला खिशात हात घालताना त्याची नजर फळीच्या पलीकडच्या टोकाला गेली. तिथल्या वाळूत पट्ट्यांचे ठसे होते. ओल्या वाळूत ताजे, सरळ. म्हणजे रणगाडा कोणी उचलला नव्हता. तो चालत फळी ओलांडून गेला होता. वाळू संपल्यावर सिमेंटवर वाळूच्याच दोन पुसट रेघा पुढे गेल्या होत्या, जिन्याच्या लोखंडी दारापर्यंत.

मेकॅनिक दाराशी गेला. आत आता काळोख होता.  त्याने तोंडाभोवती हात धरले.

"मी आलोय!"

काही नाही. खाली कुठेतरी पाण्याचा थेंब पडला. त्याने वाट पाहिली. पुन्हा ओरडायला तो वाकला, तेवढ्यात खालच्या वळणापाशी बारीक घूं-घूं झाली, एक इवलासा दिवा लुकलुकला, आणि काळोखातून खणखणीत आवाज आला.

"ऐकू येतंय! आणि जरा लवकर चला, आई वाट बघतेय!"